बिनकिल्लीची स्कूटर

किल्ली वळवायला चिमूट लागते. अंगठा आणि तर्जनी यांच्यात किल्लीचं डोकं धरायचं, किंचित आत दाबायचं आणि फिरवायचं. हात धडधाकट असतो तोवर यात काही जोर लागतो हेच लक्षात येत नाही. पण चिमटीच्या टोकाला लावलेला जोर अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्यावर कित्येक पटींनी पडतो. त्या सांध्याची कूर्चा झिजली की बरणीचं झाकण, कपड्यांचा चिमटा, गॅसचं बटण आणि गाडीची किल्ली एकदमच अवघड होऊन बसतात. पन्नाशी-साठीनंतरच्या बायकांमध्ये हे दुखणं खूप दिसतं. माझ्या आईलाही आहे, उजव्या हातात.

आई ऐरोलीत गेली कित्येक वर्षं स्कूटर चालवते. मंडई, बँक, भजनी मंडळ, कधी विटाव्यावरून ठाण्याला मावशीकडे. चालवताना तिला काही त्रास होत नाही. ॲक्सिलरेटर अख्ख्या तळव्यानं फिरतो, ब्रेकला बोटं पुरतात, सेल्फचं बटण सरळ दाबायचं असतं. अडतं ते किल्लीशी. रुमालात गुंडाळून, दोन्ही हात लावून ती किल्ली वळवायची आणि वळवताना ओठ घट्ट मिटायची. डॉक्टरांनी रात्री अंगठ्याला पट्टा बांधायला सांगितला आणि चिमटीची कामं जमतील तेवढी टाळा म्हणाले. मग घरातून सूर निघाला, आता स्कूटर सोडून दे. मला ते अजिबात मान्य नव्हतं. या वयात बाईची स्कूटर एकदा सुटली की कुठं जायचं आणि कधी, हे रिक्षा मिळण्या-न मिळण्यावर ठरायला लागतं. सुटलेली स्कूटर पुन्हा हातात घेतलेली मी तरी कुणाला पाहिलेलं नाही.

नव्या स्मार्ट-कीवाल्या स्कूटरी पाहून आलो. किल्ली पर्समध्ये राहते हे खरं, पण आम्ही पाहिलेल्या गाडीत हँडलखालचा गोल नॉब दाबून वळवावाच लागत होता. आईनं शोरूममध्ये तो धरला आणि हात मागे घेतला. म्हणून मग आमच्या जुन्या, कार्ब्युरेटरवाल्या स्कूटरलाच किल्लीशिवाय सुरू व्हायची सोय घरी करायची असं मी ठरवलं. माझं काम रबाळे एमआयडीसीत, कंट्रोल पॅनेल बनवायचं. रिले आणि कॉन्टॅक्टर (विजेनं उघडमीट होणारे स्विच), फ्यूज, लग, फेरूल हे रोज हाताखालून जाणारं सामान.

गाडी सुरू करण्याच्या जवळजवळ प्रत्येक सुधारणेमागे कुणाचं तरी दुखरं अंग आहे, असं हे काम करताना मला सारखं वाटत राहिलं. सुरुवातीच्या मोटारी पुढून दांडा घालून, तो फिरवून सुरू करत. इंजिननं उलटा झटका दिला की मनगट मोडायचं, क्वचित जीवही जायचा. चार्ल्स केटरिंगनं विजेवरचा स्टार्टर बनवला, तो १९१२च्या कॅडिलॅकमध्ये आला, आणि ज्यांच्या दंडात दांडा फिरवायची ताकद नव्हती त्यांनाही एकट्यानं गाडी काढता येऊ लागली. किल्ली वळवली की स्टार्टरही फिरावा, ही पद्धत क्रायस्लरनं १९४९मध्ये आणली. आपल्याकडे १९८०च्या दशकात कायनेटिक होंडा आली, बिनगिअरची आणि बटणावर सुरू होणारी. साडी सावरत किकवर उभं राहायचं संपलं. आईच्या पिढीतल्या कितीतरी जणींनी गाडी शिकली ती तिच्यामुळे. मनगट, दंड, पाय यांची सोय अशी एकेक करून झाली. अंगठा राहिला होता.

आमच्या सेक्टरात एक ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. वायरिंग मला कळतं, पण गाडीचं वायरिंग त्यांना कळतं, म्हणून पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले. ते म्हणाले, "ताई, आधी मीटर लावू. गाडी कुठल्या जातीची ते कळल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही."

जाती दोन. काही गाड्यांत किल्ली चालू केली की बॅटरीचे बारा व्होल्ट पुढे जातात, इग्निशनला वीज मिळते आणि ठिणगी पडते. काहींत ठिणगीची वीज इंजिनबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटोतूनच येते, तिला बॅटरी लागतच नाही. अशा गाडीत किल्ली बंद असताना सीडीआयची (ठिणगी सोडणाऱ्या डबीची) एक वायर चेसिसला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेली असते, म्हणजे ठिणगीची वीज सांगाड्यातच जिरते. किल्ली चालू करणं म्हणजे तिथं ती जोडणी तोडणं. मामांनी ॲप्रनच्या (हँडलखालच्या पुढच्या पत्र्याच्या) आतला, वायरी जोडणारा कपलर सोडवला आणि मीटरची टोकं त्यात खोचली. किल्ली बंद: एका वायरीवर १२.६, दुसरीवर शून्य. किल्ली चालू: दोन्हींवर १२.५. "बॅटरीवाली आहे. किल्लीच्या कुलपाला रिले पॅरलल टाका, काम झालं."

काम तिथं सुरू झालं. या दोन जातींमधला खरा फरक वायर तुटल्यावर दिसतो. बॅटरीवाल्या गाडीची वायर तुटली तर इंजिन बंद पडतं. मॅग्नेटोवाल्या गाडीची ती चेसिसची वायर तुटली तर इंजिन चालूच राहतं, बंद करायला गेलं तरी बंद होत नाही. म्हणजे बिघाड झाल्यावर गाडी कुठल्या बाजूला कलणार, हे त्या वायरिंगमध्ये आधीच ठरून गेलेलं असतं. मी त्याच वायरिंगमध्ये एक रिले आणि आईचं कार्ड जवळ आलं की ते ओळखून रिले जुळवणारा एक छोटा कंप्युटर, अर्डुइनो, घालणार होते, तर माझा बिघाड कुठं कलणार हे मला आधी ठरवायला हवं होतं.

पॅनेलच्या कामात याचं उत्तर पाठ असतं: शंका आली की मशीन थांबलं पाहिजे. स्टार्टचं बटण दाबलं की कॉन्टॅक्टर ओढला जातो आणि स्वतःच्याच एका संपर्कातून स्वतःला धरून ठेवतो, याला आम्ही होल्डिंग म्हणतो. लाइट गेली की होल्डिंग सुटतं, आणि लाइट परत आली तरी मशीन आपोआप सुरू होत नाही, कारण तेवढ्यात कुणाचा हात प्रेसमध्ये गेलेला असू शकतो. स्टॉपचं बटण नेहमी जोडलेलं ठेवतात आणि दाबल्यावर तुटतं, म्हणजे उंदरानं वायर कुरतडली तरी मशीन थांबेल. शिकाऊ पोरांना मी हेच शिकवते.

हीच शिकवण स्कूटरला जशीच्या तशी लावली तर काय होईल? ठाणे-बेलापूर रोडवर, घणसोली-तळवलीच्या उड्डाणपुलावर आई पन्नासच्या वेगात आहे, मागे कंटेनर आहे, आणि माझ्या सर्किटला शंका आली. कार्ड दिसेना, एखादा संपर्क हलला, प्रोग्रॅम अडकला, आणि सर्किटनं शिकवल्याप्रमाणे इंजिन बंद केलं. कारखान्यात जिवाला जपणारी गोष्ट पुलावर जीव घेऊ शकते. उभ्या गाडीत शंकेचं उत्तर 'नाही' हवं आणि चालत्या गाडीत 'आहे तसं राहू दे' हवं. किल्ली हे दोन्ही काही न बोलता करत होती. लावल्याशिवाय वळत नव्हती, आणि एकदा वळली की कुणी हातानं फिरवेपर्यंत तिथंच राहत होती.

हे गुण विजेच्या सर्किटमध्ये आणायला मी लॅचिंग रिले वापरला. साध्या रिलेच्या कॉइलमध्ये वीज सतत चालू ठेवावी लागते, ती गेली की संपर्क सुटतो. लॅचिंग रिलेत आत कायमचुंबक असतो. एका कॉइलला क्षणभर वीज दिली की संपर्क जुळतो आणि वीज काढून घेतली तरी जुळलेलाच राहतो. सोडवायला दुसऱ्या कॉइलला क्षणभर वीज द्यावी लागते. म्हणजे अर्डुइनोचं काम फक्त परवानगी देण्यापुरतं. ती दिल्यावर तो बंद पडला, जळाला, कुणी उपटून नेला, तरी आईचं इंजिन चालू राहतं. स्टार्टर फिरतानाची अडचणही यातच सुटली. स्टार्टर इतका करंट ओढतो की बॅटरीचं व्होल्टेज क्षणभर धपकन खाली येतं, जुनी बॅटरी असेल तर फारच. तेव्हा अर्डुइनो रीसेट होऊ शकतो. साधा रिले असता तर नेमका त्या क्षणी सुटला असता. लॅचिंग रिलेला त्याचा पत्ताही लागत नाही. त्याला जोराचा धक्का मात्र सोसत नाही, धक्क्यानं संपर्क बदलू शकतो, म्हणून तो रबरावर बसवला.

याची किंमत आहे, आणि ती मी आईला समजावून सांगितली. मंडईसमोर गाडी लावली आणि सर्किट नेमकं तेव्हाच मेलं, तर इग्निशन चालूच राहील. त्यासाठी हँडलखाली एक साधा रॉकर स्विच आहे, माझ्या रिलेच्या वाटेत मालिकेत जोडलेला. तो कुठल्याही प्रोग्रॅममधून जात नाही. पॅनेलवरचा इमर्जन्सी स्टॉपसुद्धा केवळ प्रोग्रॅमच्या भरवशावर सोडत नाहीत, तेच इथं. पण तो बंद करायला ती विसरली तर गाडी चोरीला जाऊ शकते. आई म्हणाली, "अगं, गेली तर गाडी जाईल. मी नको ना जायला?" मग या मुद्द्यावर आम्ही पुन्हा बोललो नाही.

सामान आणायला लॅमिंग्टन रोडला गेले. नवी मुंबईतही आता बरंच मिळतं आणि बाकीचं घरपोच येतं, पण रिलेची टकटक कानानं ऐकून घ्यायची असेल तर ग्रँट रोडला उतरण्याला पर्याय नाही. त्या फुटपाथवरच्या दुकानांतली माणसं पुडीत पाच रेझिस्टर बांधून देतानाही नीट विचारतात की कशाला लागतायत. अर्डुइनो नॅनो, आरसी५२२ नावाचा कार्ड वाचणारा बोर्ड, बारा व्होल्टचे पाच करणारा कन्व्हर्टर, डायोड, मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि एक २२ मिलिमीटरचं हिरवं पुश-बटण, पॅनेलला लावतात तसलंच. ते बटण बोटाच्या पेरानं, तळव्यानं, मनगटानं, कशानंही दाबता येतं.

बटण का, हेही सांगायला हवं. कार्ड वाचणारं सर्किट सतत जागं ठेवलं तर नॅनो आणि वाचक मिळून पंचेचाळीस मिलिअँपिअरच्या आसपास खातात. दिवसाला एक अँपिअर-तासाहून जास्त झालं. आमच्या स्कूटरची बॅटरी ५ अँपिअर-तासांची, म्हणजे चारपाच दिवसांत रिकामी, आणि स्टार्टर फिरवायची ताकद तर त्याच्या कितीतरी आधी संपलेली. आई गावी गेली की पंधरा दिवस येत नाही. त्यामुळे आमचं सर्किट एरवी पूर्ण बंद असतं, शून्य करंट. बटण दाबलं की मॉस्फेटमधून त्याला दहा सेकंद वीज मिळते, तेवढ्यात कार्ड दिसलं तर रिले जुळतो, नाही तर सगळं पुन्हा झोपतं. गाडी बंद करायला तेच बटण तीन सेकंद दाबून धरायचं. चालवताना गुडघा किंवा पिशवी लागून बटण दाबलं गेलं तर काही होऊ नये म्हणून तीन सेकंद.

कार्ड म्हणजे एक चपटं टॅग, रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं. त्यात बॅटरी नसते. वाचकाच्या कॉइलभोवती १३.५६ मेगाहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र असतं, त्यातूनच टॅगमधल्या चिपला वीज मिळते आणि ती आपला नंबर सांगते. हे सगळं दोन-तीन सेंटिमीटरांत. वाचक ॲप्रनच्या प्लॅस्टिकमागे चिकटवला, वरून काही दिसत नाही. मनगटात घालायचा टॅगचा पट्टाही मिळतो, पण आईला तो नको होता. तिला तिचा बटवा हवा होता. खणाचा, काठाला हिरवी गोट असलेला, दोन कप्प्यांचा. धातू जवळ आला की ते क्षेत्र विझतं, आणि बटव्यात तर सुट्टे पैसे असतात, शिवाय सीट उघडायला लागते म्हणून स्कूटरची किल्लीही असते (पेट्रोल पंपावर ती तिथल्या मुलाच्या हातात देते). तेव्हा टॅग बाहेरच्या अंगाला, अस्तर आणि खण यांच्या मध्ये ठेवून आईनं स्वतः चार टाके घातले. जाड सुईनं, डाव्या हातानं, मी मागूनही मला करू न देता. नाणी आतल्या कप्प्यात गेली. आता ती बटण पेरानं दाबते, हिरवा दिवा लागतो, बटवा ॲप्रनला टेकवते, आत 'टक' होतं, मग ब्रेक दाबून सेल्फ.

हे कितपत सुरक्षित, असं मला हे पाहिलेल्या प्रत्येकानं विचारलं. ज्या स्वस्त मायफेअर क्लासिक कार्डांवर असे घरगुती प्रयोग होतात, त्यांचं कूटलेखन नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या रॅडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८मध्येच फोडून दाखवलं. माझ्यासारखं नुसता नंबर तपासणारं सर्किट तर त्या कूटलेखनापर्यंत जातच नाही. कार्डाचा नंबर म्हणजे दारावरच्या पाटीवरचं नाव, वाचायला कुणाला बंदी नाही, आणि तसाच नंबर असलेलं दुसरं कार्ड बनवता येतं. कुणी चारचाकीला असलं काही लावणार असेल तर नुसत्या नंबरावर विसंबू नये. प्रत्येक वेळी नवा प्रश्न विचारून त्याचं गुप्त किल्लीनं काढलेलं उत्तर तपासणारी कार्डं मिळतात, ती घ्यावीत. आमच्या स्कूटरचं मूळ कुलूप मात्र पाहिलं पाहिजे. स्टेशनबाहेर डुप्लिकेट चाव्या करणारा त्याची चावी चहा निवायच्या आत करून देतो. त्या कुलपाच्या मानानं माझं सर्किट कमकुवत नाही, असं मी विचारपूर्वक म्हणते.

एक गोष्ट मी जाणूनबुजून टाळली: जवळ गेलं की आपोआप ओळखणारी सोय. महागड्या मोटारींत ती १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून आहे. मोटार कमी वारंवारतेचा संदेश सोडते, खिशातली किल्ली त्याला उत्तर देते. झुरिकच्या ईटीएचमधल्या संशोधकांनी २०११मध्ये आठ कंपन्यांच्या दहा मोटारींवर दाखवून दिलं की हा संदेश दोन अँटेनांमधून लांबवर पोचवता येतो. किल्ली घरात, मोटार रस्त्यावर, तरी मोटारीला वाटतं की मालक शेजारी उभा आहे. कुठलंही कूटलेखन फोडावं लागत नाही. परवानगी ही माणसानं हात पुढे करून द्यायची गोष्ट आहे, हे माझं मत त्यामुळे आणखी पक्कं झालं. बटवा टेकवण्यात आईला काही दुखत नाही.

सगळ्यात जास्त विचार हँडल लॉकवर केला. किल्लीच्या कुलपात हँडल लॉक असताना इग्निशन बंदच असतं, दोन्ही एकाच दांड्यावर बसवलेली असतात. मी पॅरलल रिले टाकल्यावर ते नातं तुटलं. हँडल लॉक असतानाही इंजिन सुरू होऊ शकलं असतं, आणि गाडी स्टँडवरून उतरताच वळून आडवी झाली असती. आईला लॉक लावणं जमतच नाही, पण भाऊ गाडी नेतो तेव्हा तो लावतो. म्हणून दाराच्या अलार्मला असतो तसला, चुंबक जवळ आला की जुळणारा रीड स्विच चेसिसवर आणि छोटा चुंबक फिरणाऱ्या दांड्यावर बसवला. आमच्या गाडीचं हँडल पूर्ण डावीकडे असतानाच लॉक बसतं. चुंबक तिथं असेल तर अर्डुइनो कार्डाकडे बघतच नाही. आधी हँडल सरळ करा, मग परवानगी. घरी बनवलेल्या पुश-स्टार्टचं कौतुक बरेच जण करतात, हँडल लॉकचा विचार केलेला फार कमी दिसतो. चारचाकीत तर चालत्या गाडीचं स्टिअरिंग लॉक होण्याची भीती आहे. ज्याला तिथलं कुलूप आतून कसं चालतं हे पक्कं ठाऊक नाही, त्यानं त्या वाटेला जाऊच नये.

बाकीचं काम पावसाळ्याचा विचार करून केलं. बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज. व्होल्टेजचे झटके गिळायला टीव्हीएस डायोड, कॉइलवर उलटा डायोड. वायरींना सोल्डर न लावता क्रिंप, म्हणजे लग दाबून बसवलेले, कारण सोल्डर जिथं संपतो तिथं वायर कडक होते आणि थरथरीनं तिथंच तुटते. डबी सगळीकडून बंद केली तर आतली हवा तापते, गार होते आणि आत दव धरतं. म्हणून तळाला एक बारीक भोक ठेवलं आणि बोर्डावर वार्निश मारलं.

मूळ वायरिंगची एकही वायर कापली नाही. कंपनीच्या कपलरमध्ये बसणारा आणखी एक कपलर आणून मधे जोड दिला, तो काढला की गाडी पूर्ववत. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम नोंदणीतले तपशील बदलतील असे फेरफार करू देत नाही. किल्लीची सोय त्या तपशिलांत येत नसली तरी गाडी पूर्ववत करता येणं मला हवंच होतं. आणि गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते, त्यामुळे त्या जपून ठेवाव्या लागतातच.

भजनी मंडळातल्या एका काकूंनी त्यांच्या नव्या स्कूटरला हेच करून दे म्हणून विचारलं. त्यांची गाडी फ्युएल इंजेक्शनची, तिच्यात ईसीयू (इंजिन सांभाळणारा कंप्युटर) आहे, वॉरंटी चालू आहे. मी त्यांना नाही म्हटलं, आणि किल्लीच्या डोक्याला बसवायची लांब प्लॅस्टिकची मूठ करून दिली. चिमटीऐवजी मुठीनं वळवता येते, तरफ लांब झाल्यानं जोरही कमी लागतो. त्यांचं तेवढ्यावर भागलं.

आता आईला सीटही किल्लीशिवाय उघडायला हवी आहे, म्हणजे पंपावर कुणाला किल्ली द्यायला नको. मोटारीच्या दाराचं कुलूप ओढणारा बारा व्होल्टचा ॲक्च्युएटर सीटच्या केबलला जोडता येईल. पण आमच्या स्कूटरची बॅटरी सीटखालीच आहे. बॅटरी उतरली तर सीट उघडणार नाही, आणि सीट उघडल्याशिवाय बॅटरीपर्यंत पोचता येणार नाही. किल्लीचं भोक तसंच ठेवायचं, की केबलचं टोक मडगार्डच्या आत कुठं तरी हाताला लागेल असं आणायचं, यावर मामांचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही. मामा म्हणतात भोक ठेवा. मला दोन्ही हवंय.